आगगाडी गेली, पुस्तकांचा बाजार भरला : हे-ऑन-वायचं प्रकरण

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, तेव्हा ही कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचल्याचं सांगितलं गेलं. ते गाव तसं का झालं, कोणत्या अडचणीत झालं आणि त्यासाठी कोणी काय मोजलं, हे नीट पाहिलं नाही तर त्या कल्पनेचा उपयोग अर्धाच होतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. त्या गावाला पुस्तकांच्या प्रेमाने तारलं असं सगळीकडे म्हटलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. हे-ऑन-वाय आठशे वर्षं बाजाराचं गाव होतं. त्याचा जुना माल खपेनासा झाला, तेव्हा तिथे नवा माल आला. खरेदी-विक्रीची सवय मात्र तीच राहिली, आणि माझ्या मते गाव तरलं ते त्या सवयीमुळे.

जागा

वाय नदी मध्य वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरात उगम पावते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर वाहत चेपस्टोजवळ सेव्हर्न नदीला मिळते. अर्ध्या वाटेवर, नदी डोंगर सोडून रुंद खोऱ्यात उतरते तिथे, तिच्या काठावर हे गाव वसलं आहे. गावाच्या कडेने डुलास नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या अलीकडे वेल्स आणि पलीकडे इंग्लंड, त्यामुळे पलीकडची क्युसॉप या खेड्याची घरं दुसऱ्या देशात आहेत. दक्षिणेला ब्लॅक माउंटन्सची भिंत उभी आहे. त्यातला ‘हे ब्लफ’ हा कडा ६७७ मीटर उंच आहे. त्याच्या कुशीतून चढणारा रस्ता गॉस्पेल पास या खिंडीतून पलीकडे उतरतो. ही खिंड ५४९ मीटरवर आहे आणि वेल्समधल्या पक्क्या रस्त्यांवर इतकी उंच खिंड दुसरी नाही. गाव ब्रेकन बीकन्स राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला येतं. लोकसंख्या सोळाशेच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला शाळा, देऊळ आणि दोन किराणा दुकानं असतात. इथे किल्ला आहे, घड्याळाचा मनोरा आहे आणि लोणी व चीज विकण्यासाठी बांधलेल्या दोन वेगळ्या बाजार-इमारती आहेत.

या इमारती आल्या त्या भूगोलामुळे. डोंगरावर मेंढरं, म्हणून लोकर आणि मांस. खाली हेरफर्डच्या बाजूला सपाट, सुपीक जमीन, म्हणून धान्य, दूधदुभतं आणि सफरचंदं. डोंगरवाल्याला धान्य हवं, खोऱ्यातल्याला लोकर हवी. दोघांची गाठ पडायला जागा लागते, आणि नदी ओलांडता येते ती जागा सगळ्यात सोयीची. हेरफर्ड तीसेक किलोमीटरवर आणि ब्रेकन पंचवीसेक किलोमीटरवर, म्हणजे बैलगाडी-घोड्याच्या काळात दोन्ही दूरच. त्यामुळे आसपासच्या वाड्या-वस्त्यांना हीच पेठ. दर गुरुवारी बाजार भरायचा, आजही भरतो.

किल्ला, राजा आणि बाजाराचा कर

फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांनी सीमेवर किल्ले बांधले ते वेल्श राजांना अडवण्यासाठी. पण किल्ल्याच्या पायथ्याशी बाजार भरला की त्यावर कर मिळतो, हेही त्यांना चांगलं ठाऊक होतं. इथला दगडी किल्ला साधारण १२०० च्या सुमाराचा आणि द ब्रोज या घराण्याचा. विल्यम द ब्रोज आणि त्याची बायको मोड यांच्या नावाभोवती गावात अजून गोष्टी फिरतात. मोडने एका रात्रीत किल्ला रचला, आपल्या एप्रनच्या ओच्यात दगड वाहिले, एक खडा बुटात शिरला तो तिने रागाने भिरकावला आणि तो नदीपार लोवेसच्या चर्चच्या अंगणात जाऊन पडला, अशी ती दंतकथा. लोक तिला मॉल वॉलबी म्हणतात. खरी मोड मात्र फार वाईट रीतीने गेली. इंग्लंडचा राजा जॉन याचं आणि तिच्या नवऱ्याचं बिनसलं. तिला मुलासह कैदेत टाकलं आणि १२१० मध्ये दोघं उपासमारीने मेली. १२१६ मध्ये जॉनने गाव आणि किल्ला जाळला. १२३१ मध्ये वेल्श राजपुत्र लेवेलिन अब इओरवेर्थ याने पुन्हा जाळला. त्यानंतर जॉनचा मुलगा राजा तिसरा हेन्री याच्या परवानगीने गावाभोवती तटबंदीचा खर्च काढण्यासाठी बाजारातल्या मालावर कर बसवण्यात आला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्श पुढारी ओवेन ग्लिंडूरच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात पुन्हा मोडतोड झाली.

मध्ययुगीन कागदपत्रांत इथे दोन ‘हे’ आहेत. तटाच्या आत इंग्रजी कायद्याने चालणारं इंग्रजी गाव आणि तटाबाहेर वेल्श रीतीने चालणारा वेल्श मुलूख. कर वेगळे, न्याय वेगळा, भाषा वेगळी. गुरुवारी मात्र दोघंही एकाच चौकात. मला या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची बाब वाटते, कारण पुढे पुस्तकांच्या काळातही हे गाव कोणत्याच एका बाजूचं झालं नाही. हद्दीवरची पेठ ओळखीच्या माणसापेक्षा अनोळखी गिऱ्हाइकावर जास्त जगते.

मधली काही शतकं मी भरभर ओलांडतो. सतराव्या शतकात जुन्या बुरुजाला लागून जेकोबियन (राजा पहिला जेम्स याच्या काळातल्या) धाटणीचा वाडा उभा राहिला. १८१६ मध्ये ब्रेकनच्या कालव्याच्या धक्क्यापासून घोड्यांनी ओढायची ट्रामवाट आली आणि गावात कोळसा स्वस्त झाला. १८३० च्या दशकात लोण्याचा आणि चीजचा अशा दोन बाजार-इमारती झाल्या. लोण्याची इमारत एखाद्या छोट्या ग्रीक मंदिरासारखी खांबांवर उभी आहे. १८६४ मध्ये वाफेची गाडी आली आणि हेरफर्ड-ब्रेकन मार्गावर गावाला स्टेशन मिळालं. १८८४ मध्ये घड्याळाचा मनोरा पूर्ण झाला. एकूण चढता काळ.

१९६२ ची अडचण

३१ डिसेंबर १९६२ रोजी या मार्गावरची प्रवासी वाहतूक बंद झाली. ब्रिटनमधले हजारो मैल रेल्वेमार्ग बंद करायला सांगणारा बीचिंग अहवाल त्यानंतर, १९६३ मध्ये आला. म्हणजे हे-ऑन-वायवर कुऱ्हाड त्या अहवालाच्याही आधी पडली.

रेल्वे हे एक कारण. शेतावर ट्रॅक्टर आले आणि मजुरांची गरज कमी झाली. मोटारी आल्या आणि खेड्यातला माणूस खरेदीला थेट हेरफर्डला जाऊ लागला. तरुण मुलं कामाच्या शोधात बाहेर पडली. बाजारपेठेचं गाव गिऱ्हाईक तुटलं की फार वेगाने खचतं, कारण तिथली घरं, दुकानं, खानावळी, तबेले सगळं आसपासच्या पंचवीस-तीस गावांच्या हिशेबाने बांधलेलं असतं. ती गावं येईनाशी झाली की सोळाशे माणसांच्या अंगावर मोठ्या इमारती पडतात. हे-ऑन-वायमध्ये असंच झालं. अग्निशमन केंद्राची जुनी इमारत रिकामी, सिनेमाघर चालेना, किल्ल्यातला वाडा १९३९ च्या आगीनंतर अर्धा पडका. इमारती कवडीमोल झाल्या होत्या.

बूथ यांचा व्यापार

रिचर्ड बूथ यांचा जन्म १९३८ चा. घरची माणसं या परिसरातली, शिक्षण ऑक्सफर्डचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे रेल्वे बंद पडली त्याच सुमारास, त्यांनी जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. पुढे सिनेमाघर घेतलं, किल्ला घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटला असेल. मी त्याचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा तो मला पक्का व्यापार वाटला.

जुन्या पुस्तकांच्या धंद्यात सगळ्यात महाग गोष्ट पुस्तक नसतं, जागा असते. पुस्तक दहा-दहा वर्षं फळीवर पडून राहतं. लंडनच्या भाड्याने दहा वर्षं फळी अडवणं कोणालाच परवडत नाही. हे-ऑन-वायमध्ये जागा जवळपास फुकट होती. म्हणून तिथे निवड न करता, गोणीने माल घेता येत होता, आणि योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत थांबताही येत होतं.

त्या काळात मालही मुबलक होता. ब्रिटनमधली मोठी घराणी वाडे विकत होती आणि त्यांचे ग्रंथसंग्रह लिलावात निघत होते. दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणी बंद पडत होत्या आणि खाणकामगारांनी स्वतःच्या पगारातून पैसे जमवून उभारलेली वाचनालयं मोडीत निघत होती. (ही वाचनालयं कामगार चळवळीची शाळा होती. त्यांचं असं विखुरणं मला आजही वाचताना लागतं.) अमेरिकेतही संस्थांची ग्रंथालयं साठे काढून टाकत होती. बूथ गावातली धट्टीकट्टी माणसं बरोबर घेऊन अमेरिकेला गेले, पूर्ण ग्रंथालयं विकत घेतली आणि पुस्तकं जहाजाने आणली.

ही माणसं कोण होती, ते फारसं सांगितलं जात नाही. शेतावर ज्यांना काम उरलं नव्हतं, तीच. खोकी उचलणारे, ट्रक चालवणारे, फळ्या ठोकणारे सुतार. त्यांच्यातले काही जण पुस्तकांची पारख शिकले: कोणती आवृत्ती पहिली, कोणत्या बांधणीला किंमत, कोणता विषय कुठे विकला जातो. मग त्यांनी आपापली दुकानं काढली. बाहेरचे विक्रेतेही आले. भरभराटीच्या काळात दुकानांची संख्या चाळिसाच्या आसपास पोचली. एकाच धंद्याची इतकी दुकानं एका गावात म्हणजे एकमेकांच्या पोटावर पाय, असं वाटू शकतं. घडलं उलटं. एका दुकानासाठी कोणी तीनशे किलोमीटर येत नाही, चाळीस दुकानांसाठी येतो. एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे मिळेल या भरवशावर येतो आणि मुक्काम करतो. मुक्कामाबरोबर खानावळी, दारूचे गुत्ते, राहायच्या खोल्या सगळं पुन्हा चालू लागलं. बाजाराचं जुनं गणित हेच असतं.

किल्ल्याच्या आवारात उघड्या आभाळाखाली फळ्या लावून पुस्तकं ठेवली जातात. विक्रेता नसतो. पुस्तक घ्यायचं आणि पेटीत पैसे टाकायचे. त्या मालाला राखणदार परवडत नाही, हे त्यामागचं साधं कारण. पण गिऱ्हाइकावर टाकलेला तो विश्वास लोकांना इतका भावला की तीच फळी गावाची ओळख होऊन बसली.

राजा रिचर्ड

१ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी हे-ऑन-वाय स्वतंत्र राज्य झाल्याची घोषणा केली आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं. घोड्याला पंतप्रधान केलं. सरदारक्या विकल्या, पासपोर्ट छापले. नदीवर नळाच्या पाइपांची तोफ करून बार काढले. वृत्तपत्रांनी आणि टीव्हीने हे जगभर पोचवलं. तारीख एप्रिल फूलची, त्यामुळे सगळं गमतीत गेलं असं समजणं सोपं आहे.

त्यामागचं म्हणणं मात्र गंभीर होतं आणि बूथ ते आयुष्यभर पत्रकांतून मांडत राहिले. ग्रामीण भागाच्या विकासाची मंडळं शहरात बसून योजना आखतात, मोठ्या कंपन्यांना अनुदान देतात आणि गावातला छोटा व्यापारी मरतो, असं ते म्हणत. मोठी सुपरमार्केटं आणि पर्यटन खात्याची धोरणं यांच्यावर त्यांनी सतत टीका केली. पैसा गावातच फिरला पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या सगळ्याच पत्रकांशी मी सहमत नाही. मध्यवर्ती मदतीशिवाय गावांना शाळा-दवाखाने मिळत नाहीत. पण व्यापार कसा जगतो, हे त्यांना विकास मंडळांपेक्षा चांगलं कळत होतं, असं मला वाटतं.

१९७७ मध्येच किल्ल्याला पुन्हा आग लागली. पैशाच्या अडचणी बूथ यांना पुढेही वारंवार आल्या. कल्पना मात्र गावाबाहेर पसरली. बेल्जियममधलं रेदू १९८४ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. पुढे नेदरलँड्समधलं ब्रेडेवोर्ट, नॉर्वेतलं फ्यारलँड आणि १९९८ मध्ये स्कॉटलंडमधलं विगटाउन. जवळपास प्रत्येक ठिकाणी सुरुवात तशीच झाली: गाव लहान आणि आडवळणाचं, इमारती रिकाम्या, जुना धंदा बसलेला.

महोत्सव

१९८८ मध्ये गावात पहिला साहित्य महोत्सव झाला. नॉर्मन फ्लॉरेन्स, र्‍होडा फ्लॉरेन्स आणि त्यांचा मुलगा पीटर यांनी तो सुरू केला. मे महिन्याच्या शेवटाला जोडून दहा-अकरा दिवस चालणारा हा महोत्सव २००१ मध्ये बिल क्लिंटन आले तेव्हा जगाच्या नकाशावर गेला. त्याच वर्षी पॉविसमधल्या, म्हणजे हे गाव ज्या परगण्यात येतं तिथल्या, मेंढपाळांवर लाळ्या-खुरकुताच्या साथीचं संकट होतं, कळप मारले जात होते, डोंगरवाटा बंद होत्या. त्या वर्षी आलेल्या पाहुण्यांचे पैसे गावाला किती मोलाचे वाटले असतील, याची कल्पना करता येते. २००५ पासून महोत्सव गावाबाहेरच्या कुरणात तंबू ठोकून भरतो. २०१० आणि २०११ मध्ये याच महोत्सवाची केरळ आवृत्ती तिरुवनंतपुरममध्ये झाली. कोलंबिया, स्पेन, पेरू, मेक्सिको इथेही शाखा गेल्या.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. महोत्सवात नवी पुस्तकं आणि नावाजलेले लेखक असतात. गावातल्या दुकानांत जुनी पुस्तकं असतात. महोत्सवाला आलेला माणूस तंबूत दिवस काढतो आणि तिथल्याच दुकानातून लेखकाच्या सहीचं नवं पुस्तक घेऊन जातो. बूथ यांना महोत्सवाबद्दल ममत्व नव्हतं, आणि त्यांची बाजू मला समजते. तरी हिशेब एकतर्फी नाही. खोल्या, खानावळी आणि टॅक्सीवाले यांना त्या दिवसांत जे मिळतं ते थोडं नसतं, आणि महोत्सवामुळे नाव ऐकलेला माणूस ऑक्टोबरात निवांतपणे पुन्हा येतो. पण क्रम लक्षात ठेवायला हवा. पंचवीसेक वर्षं दुकानं चालल्यावर महोत्सव आला. महोत्सवातून दुकानं आलेली नाहीत. आपल्याकडे एखाद्या गावाचं काही करायचं ठरलं की पहिला विचार महोत्सवाचा होतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

जाळ्यावरचा बाजार आणि नवी घसरण

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेटवर जुनी पुस्तकं विकली जाऊ लागली आणि गावाच्या व्यापाराचा पायाच हलला. पूर्वी दुर्मीळ पुस्तक शोधायला गावात यावं लागे. आता घरबसल्या जगातल्या हजार विक्रेत्यांच्या किमती एका खाली एक दिसू लागल्या. साधारण पुस्तकाची किंमत टपालखर्चाच्या खाली गेली. गोणीने घेतलेला माल फळीवर ठेवून थांबण्यात अर्थ उरला नाही. दुकानं कमी झाली, आज ती वीसेक आहेत.

जी टिकली ती विशेष विषय धरून टिकली. फक्त कविता, फक्त रहस्यकथा, जुनी बालपुस्तकं, नकाशे आणि छापील चित्रं. त्यांचे मालक इंटरनेटवरही विकतात, दुकान हे त्यांचं कोठारही आहे. काही जुन्या दुकानांच्या जागी कपडे, जुनं फर्निचर, कॉफी आली. बूथ यांनी आपलं मोठं दुकान दुसऱ्या हाती सोपवलं, किल्ला २०११ मध्ये एका विश्वस्त संस्थेने घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये बूथ वारले. डागडुजी होऊन किल्ला २०२२ मध्ये लोकांसाठी उघडला.

यशाची किंमतही मोजावी लागली. गाव नावारूपाला आलं तशी बाहेरच्यांनी घरं घेतली, काहींनी फक्त सुट्टीपुरती. साठच्या दशकात कवडीमोल असलेली इमारत आज तरुण पुस्तकविक्रेत्याच्या आवाक्यात नाही. ज्या स्वस्त जागेवर सगळा डोलारा उभा राहिला, ती जागाच महागली. याला सोपा उपाय मला दिसत नाही. आणखी एक जखम नदीची. वायच्या खोऱ्यात कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेडमध्ये दोन कोटींच्या आसपास पक्षी वाढवले जातात. त्यांच्या खताचा फॉस्फरस शेतात आणि शेतातून पाण्यात उतरतो, शेवाळ माजतं, मासे आणि पाणवनस्पती मरतात. २०२३ मध्ये इंग्लंडच्या निसर्ग-संरक्षण यंत्रणेने नदीची प्रत खालावत चालल्याचं अधिकृतपणे नोंदवलं. पर्यटक पुस्तकांइतकाच या नदीसाठी येतो. सीमेच्या दोन्ही बाजूंची सरकारं वेगळी असल्याने जबाबदारी ठरवणं अधिकच अवघड झालं आहे.

भिलारसाठी यातून काय घ्यावं

भिलार राज्य मराठी विकास संस्थेच्या मार्फत उभं राहिलं. सुरुवातीला घरं, शाळा, मंदिरं अशा पंचवीस जागी मिळून पंधरा हजारांच्या आसपास मराठी पुस्तकं ठेवली गेली. ती मोफत वाचायची आहेत, विकायची नाहीत. म्हणजे हे-ऑन-वायचं नाव घेतलं तरी भिलारचा आराखडा बाजाराचा नाही, ग्रंथालयाचा आहे. यात काही चूक नाही. स्ट्रॉबेरीचं गाव, दोन थंड हवेच्या ठिकाणांच्या मधोमध, पर्यटक आधीच रस्त्यावर. मुलं अंगणात बसून पुस्तक वाचतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण घरात पुस्तकं ठेवणाऱ्या माणसाला पुस्तकातून काही मिळत नाही. मिळालं तर जेवण-खोलीतून मिळतं. त्यामुळे पुस्तकं जपण्याची, नवी आणण्याची, पारखण्याची गरज त्याच्या संसारात शिरत नाही, ती सरकारी निधीवर राहते. हे-ऑन-वायमध्ये खोकी उचलणारा माणूस पुढे पुस्तकविक्रेता झाला. तशी शिडी भिलारमध्ये अजून नाही, आणि ती बांधता येईल असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत. त्यांच्या जुन्या प्रती, मोडणारे घरगुती संग्रह, निवृत्त प्राध्यापकांची कपाटं, बंद पडलेल्या नियतकालिकांचे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे यांतलं बरंच रद्दीच्या भावाने जातं. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची पारख असलेले विक्रेते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. स्ट्रॉबेरीच्या हंगामात, डिसेंबर ते मार्च, आठवड्यातला एक ठरावीक वार धरून भिलारमध्ये जुन्या मराठी पुस्तकांचा बाजार भरवावा. पहिल्या वर्षी अशा काही विक्रेत्यांना जागा आणि मुक्काम मोफत द्यावा, अट एवढीच की गावातली दोन-दोन तरुण मुलं त्यांच्या हाताखाली असतील. मोफत वाचनाची घरं आहेत तशीच राहतील. जागेचं भाडं कोण ठरवणार, पावसाळ्यात माल कुठे राहणार, आणि महाबळेश्वरच्या दमट हवेत कागदाला बुरशी लागू नये म्हणून काय करायचं, हे प्रश्न ग्रामस्थांनी आणि संस्थेने बाजाराच्या पहिल्या वाराआधी सोडवायला हवेत.